लेकीला पदवीच्या पुढं शिकवायचंय? पैशाचा क्रम आधी ठरवा

 

मी बचत गटांची समन्वयक. गटात कर्जाची मागणी आली की कारण विचारायचं आणि वहीत लिहायचं, हे माझं नेहमीचं काम. लग्न, दवाखाना, म्हैस, शिलाई मशीन, भाड्यानं द्यायला आणखी एक खोली, ही कारणं तुमच्या माझ्या ओळखीची. अलीकडं एक नवं कारण ऐकू येतं. "मुलीला पुढं शिकायचंय." पुढं म्हणजे बारावीच्या पुढं नव्हे, पदवीच्या पुढं. बी.कॉम. झाली, आता एम.कॉम. करायचंय. बी.एस्सी. झाली, एमसीए करायचंय. बी.ए. झाली, एमएसडब्ल्यू किंवा एमबीए करायचंय.

हे कारण निघालं की बैठकीत जरा शांतता होते. मग कुणीतरी म्हणतं, "अगं, एवढं शिकली की! आता लागू दे कंपनीत. कंत्राटदाराकडं जागा आहेत." दुसरी म्हणते, "शिक्षणाला एवढा पैसा घातला तर लग्नाला काय उरणार?" या बायका काही मुलींच्या वैरी नाहीत. घरचा महिन्याचा हिशोब त्यांच्याच डोक्यात असतो. पण एक गोष्ट मी पाहते. लग्नासाठी शेकडा पाचनं काढायला घर तयार होतं आणि शिक्षणाचं नाव काढलं की "आपल्याला झेपायचं नाही" म्हणून विषय बंद होतो. झेपेल की नाही हे कागदावर मांडून बघितलेलंच नसतं.

आज आपण ते मांडून बघू. माझं सांगणं एकच आहे. पदवीपुढच्या शिक्षणाचा पैसा एका ठिकाणाहून येत नाही, तो चार-पाच ठिकाणांहून जमवावा लागतो, आणि तो कुठून आधी घ्यायचा याचा क्रम असतो. जो पैसा परत करायचा नाही, तो सगळ्यात आधी. मुलीला स्वतःला कमावता येईल तो त्यानंतर. बँकेचं शैक्षणिक कर्ज तिसरं. गटाचा पैसा चौथा, तोही थोड्या दिवसांसाठी. घरातलं सोनं आणि जमीन सगळ्यात शेवटी. बऱ्याच घरांत हा क्रम उलटा होतो. आधी सोनं मोडतं, मग सावकार येतो, आणि शिष्यवृत्तीची चौकशी होते तेव्हा अर्जाची तारीख गेलेली असते.

हा क्रम काही मी घरी बसून काढलेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशात कसे शिकले ते आठवा. १९१३ साली ते अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि शिकून आल्यावर बडोदा संस्थानात नोकरी करण्याची अट. पुढं ते लंडनला शिकायला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली शिक्षण अर्धवट ठेवून परत यावं लागलं. मग त्यांनी काय केलं? मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी धरली आणि पगारातून पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले. आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि शिक्षण पुरं केलं. शिष्यवृत्ती, स्वतःची कमाई, मदत आणि कर्ज, असा चार ठिकाणचा पैसा लागला. आणि या सगळ्या काळात इकडं रमाईंनी ओढग्रस्तीत संसार सांभाळला, हे आपण बायकांनी विसरायचं नाही.

आता एकेक वाट बघू.

पहिली वाट, परत न करायच्या पैशाची. महाराष्ट्र सरकारनं २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून मुलींसाठी मोठा निर्णय लागू केलाय. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, म्हणजे ईडब्ल्यूएस, तसंच एसईबीसी आणि ओबीसी या प्रवर्गांतल्या ज्या मुलींच्या घरचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्न मर्यादा अडीच लाख. अनुसूचित जातीच्या घराचं उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप आहे. हे सगळे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे. आपला अभ्यासक्रम योजनेच्या यादीत आहे का, हे प्रवेशाआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन विचारायचं.

पण यात एक मेख आहे, ती नीट ऐका. फी माफी मिळते ती सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून प्रवेश घेतला तर. एमबीए, एमसीए यांना सीईटी द्यावी लागते, मग कॅपमध्ये कॉलेजांचे पसंतीक्रम भरावे लागतात. एखादा एजंट येतो आणि म्हणतो, "सीईटीचं टेन्शन कशाला, मॅनेजमेंट कोट्यातून सीट देतो." त्या सीटला ही माफी नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांनाही नाही. आपल्या भागात रस्त्यानं जाताना कॉलेजांच्या पाट्या भरपूर दिसतात. पाटी बघून प्रवेश घ्यायचा नाही. कॉलेज कुठल्या विद्यापीठाशी संलग्न आहे, सीट कॅपची आहे की कोट्याची, हे दोन प्रश्न विचारायचे आणि उत्तर लेखी घ्यायचं.

साधं एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी. करणाऱ्या मुलींसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची पदव्युत्तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. महिन्याला १५,००० रुपये, वर्षात दहा महिने, दोन वर्षं. पदवीच्या गुणांवर निवड होते, कला शाखेच्या मुलींनाही ती खुली आहे आणि ३० टक्के जागा मुलींना राखीव आहेत. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, पहिल्या वर्षाला असतानाच करायचा. इंजिनिअर मुलगी गेट परीक्षा देऊन मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ एम.टेक.ला गेली, तर तिला महिन्याला १२,४०० रुपये मिळतात. आणि एखादी लेक एम.ए., एम.एस्सी. करून नेटमध्ये जेआरएफ मिळवत असेल, तर पीएच.डी. करताना तिला महिन्याला ३७,००० रुपये फेलोशिप मिळते. पीएच.डी.साठी बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्याही फेलोशिप आहेत. म्हणजे हुशार मुलीचं शिक्षण जसजसं वर जातं, तसतसा घरचा खर्च कमीही होऊ शकतो. हे आपल्याला कुणी सांगत नाही.

आता आपल्या औद्योगिक पट्ट्याची खास गोष्ट. आज घरी गेल्यावर मालकांची पगाराची स्लिप बघा. जून आणि डिसेंबरच्या पगारात 'एमएलडब्ल्यूएफ' नावानं थोडी रक्कम कापलेली दिसेल. तो कामगार कल्याण निधी. ज्यांची ही वर्गणी कापली जाते, त्यांच्या मुलांना महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडून शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो, पदव्युत्तर शिक्षणासाठीसुद्धा. रक्कम मोठी नसते, पण पुस्तकांना हातभार लागतो. वर्षानुवर्षं पैसे कापले जातात आणि अर्ज कुणी करत नाही. घरात कुणी बांधकाम कामगार म्हणून नोंदणी केलेली असेल, तर बांधकाम कामगार मंडळाकडंही मुलांच्या शिक्षणासाठी अर्थसाहाय्य असतं. अनुसूचित जातीच्या मुलीला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणासाठी पैसे मिळतात. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. एका वेळी सगळं घेता येत नाही, एक घेतलं की दुसरं बंद, असंही असतं. म्हणून अर्ज भरण्याआधी विचारून घ्या.

दुसरी वाट, मुलीच्या स्वतःच्या कमाईची. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावानं 'कमवा आणि शिका' योजना चालते. विद्यार्थी तासांवर काम करतात आणि खर्चाला पैसे मिळतात. ज्या मुलीला नोकरी सोडणं शक्यच नाही, तिच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे. पहिली पाळी करून रविवारी अभ्यास करणाऱ्या मुली आपल्याकडं आहेत. त्यांना कमी लेखू नका. फक्त एवढं ध्यानात ठेवा, की काही शिष्यवृत्त्या पूर्णवेळ शिक्षणालाच मिळतात. मघाशी सांगितलेली पंधरा हजारांची शिष्यवृत्ती दूरशिक्षणाला नाही.

तिसरी वाट बँकेची. कर्ज म्हटलं की आपल्याला धडकी भरते, पण शैक्षणिक कर्ज हे बाकीच्या कर्जापेक्षा वेगळं असतं. चार लाखांपर्यंत बँकेला तारण मागता येत नाही. ना जमीन, ना सोनं. आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात. हो, आईसुद्धा. सातबाऱ्यावर तुमचं नाव नसलं तरी लेकीच्या कर्जावर तुमची सही चालते. शिक्षण चालू असेपर्यंत आणि नंतर साधारण वर्षभर हप्ता सुरू होत नाही.

आता आकडे मांडू. समजा दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी तीन लाख काढले, दरवर्षी दीड लाख, व्याज वर्षाला १० टक्के. शिकताना काहीच भरलं नाही, तर तीन वर्षांनी पहिल्या दीड लाखावर ४५,००० आणि दुसऱ्या दीड लाखावर दोन वर्षांचं ३०,००० व्याज चढतं. कर्ज होतं पावणेचार लाख. ते सात वर्षांत फेडायचं तर हप्ता साधारण सव्वासहा हजार. पण पहिल्या वर्षी महिन्याला १,२५० आणि पुढं २,५०० असं नुसतं व्याज भरत गेलात, तर कर्ज तीन लाखच राहतं आणि हप्ता पाच हजारांच्या आत येतो. काही बँका असं व्याज वेळेवर भरणाऱ्यांना आणि मुलींना दरात थोडी सूटही देतात. ती सूट मागून घ्यायची, आपणहून कुणी सांगत नाही.

आता तेच दीड लाख सावकाराकडून शेकडा पाचनं घेतले तर? महिन्याला नुसतं व्याज साडेसात हजार. गटातून शेकडा दोननं घेतले तर तीन हजार. बँकेचं साडेबाराशे. वहीवर हे तीन आकडे एकाखाली एक लिहून बघा. मग कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

व्याजात सरकारी मदतही आहे. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि मान्यताप्राप्त संस्थेत तांत्रिक किंवा व्यावसायिक अभ्यासक्रम असेल, तर शिक्षणाच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. ही सवलत आयुष्यात एकदाच मिळते, पदवीला किंवा पदव्युत्तरला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना निवडक चांगल्या संस्थांसाठी आहे. तिथं प्रवेश मिळाला तर तारण लागत नाही, जामीनदार लागत नाही, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात व्याजात तीन टक्के सवलत मिळू शकते. पण विद्यापीठाचं नाव यादीत आहे म्हणून त्याच्याशी संलग्न प्रत्येक कॉलेज यादीत असतं असं नाही. कॉलेजचं स्वतःचं नाव बघा. ओबीसी कुटुंबांसाठी राज्याच्या इतर मागासवर्गीय महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजनाही आहे.

बँकेत जाण्याआधी एक काम करा. घरात मायक्रोफायनान्स कंपनीचं कर्ज असेल आणि हप्ते थकले असतील, तर ते वर्षभर आधी नीट करा. त्या थकबाकीची नोंद सिबिलमध्ये राहते आणि लेकीच्या कर्जाच्या वेळी सहकर्जदाराचं सिबिल बघितलं जातं. दुसरीच्या नावावर स्वतःसाठी कर्ज उचलू नका असं आपण गटात का सांगतो, ते इथं कळतं.

चौथी वाट आपल्या गटाची. तुम्ही म्हणाल, शेकडा दोन महाग असेल तर गट कशाला? सांगते. शिक्षणाच्या पैशाची खरी अडचण बऱ्याचदा रकमेची नसते, तारखेची असते. कॅपमध्ये सीट लागली की चार-पाच दिवसांत प्रवेश पक्का करायचा असतो. बँकेचं कर्ज मंजूर व्हायला आठवडे जातात. शिष्यवृत्ती तर कित्येक महिन्यांनी जमा होते. त्या मधल्या दिवसांत घर घाबरतं आणि सावकाराच्या दारात जातं, किंवा मुलगी मोबाइलवरच्या लोन ॲपमध्ये अडकते, किंवा सीट सुटते. मी ज्या गटांबरोबर काम करते, त्यातल्या एका गटानं यावर चांगला ठराव केलाय. प्रवेशाच्या हंगामात, जून ते सप्टेंबर, गटाच्या निधीतली ठरावीक रक्कम फक्त फीसाठी राखून ठेवायची. ज्या मुलीकडं सीट लागल्याचं पत्र आणि शिष्यवृत्ती किंवा बँकेच्या अर्जाची पावती आहे, तिच्या आईला ते पैसे त्याच दिवशी द्यायचे आणि बँकेचे पैसे आले की परत घ्यायचे. दोन महिन्यांसाठी वीस हजार घेतले, तर व्याज होतं आठशे रुपये. आठशे रुपयांत सीट वाचते. दोन वर्षांचं अख्खं शिक्षण गटाच्या कर्जावर काढायचं नाही, पण हा मधला ओढा ओलांडायला गटासारखा आधार नाही.

फी माफीला पात्र असलेल्या मुलीकडून कॉलेजनं माफ असलेली फी आधी भरून घेऊ नये, अशा सूचना सरकारनं दिलेल्या आहेत. तरी मागितली, तर लेखी मागा. "साहेब, कुठल्या शुल्काचे किती, ते लिहून द्या," एवढं वाक्य पुरतं. एकटीला बोलायला जड गेलं तर गटातल्या दोघी-तिघी बरोबर जा.

आता कागद. पैसा लागतो प्रवेशाच्या दिवशी, कागद लागतात त्याच्या आधी. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र. आणि सगळ्यात वेळखाऊ म्हणजे जात पडताळणी. ती पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच करून ठेवायची. मुलीचं बँक खातं आधारला जोडलेलं हवं, नाहीतर मंजूर झालेली शिष्यवृत्तीही जमा होत नाही. दाखल्यावरचं, मार्कशीटवरचं आणि आधारवरचं नाव सारखं आहे का तेही बघा. एका अक्षरापायी अर्ज परत येतात.

एक प्रश्न मात्र कर्जाआधी विचारायलाच हवा. हे शिकून पुढं काय? मुलीला दोन दिवस द्या आणि त्याच कॉलेजातून मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या दोन-तीन मुलींना भेटायला सांगा. त्या कुठं लागल्या, हातात पगार किती येतो, हे त्यांच्याकडून कळू दे, कॉलेजच्या जाहिरातीतून नको. पाच हजारांचा हप्ता असेल, तर पगारातून जाणं-येणं आणि खाणं सोडून तो भरता येईल का, हे लेकीनं स्वतः लिहून काढावं. कर्ज तिच्या नावावर असणार आहे, हिशोबही तिच्या हातात हवा. आणि कर्जाचा हप्ता आहे म्हणून तिचं लग्न अडतं का? ज्या घराला सुनेचा पगार चालतो, त्या घराला तिच्या शिक्षणाचा हप्ताही चालला पाहिजे. हे बोलणं बघायच्या कार्यक्रमातच व्हावं, आणि ते आईनं करावं.

मैत्रिणींनो, कंपन्यांसाठी आपल्या भागातल्या जमिनी गेल्या. आलेला पैसा कुठं घरात, कुठं गाडीत, कुठं लग्नात गेला. आता त्याच कंपन्यांच्या ऑफिसात, लॅबमध्ये, हिशोबाच्या खात्यात आपल्या लेकी बसायच्या असतील, तर पदवीच्या पुढची दोन वर्षं त्यांना मिळायला हवीत.

पुढच्या बैठकीत एक काम करा. बचत गोळा झाली की पाच मिनिटं काढा आणि वहीच्या मागच्या पानावर लिहा, आपल्या गटातल्या कुणाकुणाच्या मुली यंदा पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहेत. प्रत्येकीच्या नावापुढं कुठला कागद आहे आणि कुठला नाही, एवढंच लिहा. बाकीचं काम त्या पानावरून सुरू होईल.